खालचं पाणी

पँट कमरेत आत घ्यायची म्हणून तो चक्क दुकानात आला आणि गिऱ्हाइकासारखा आरशासमोर उभा राहिला, तेव्हा तिच्या ओठांत धरलेल्या टाचण्यांतली एक खाली पडली. एवढंच झालं. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता त्या दुकानात कधीच नसे. दोन शिलाई मशिनं, वाफेची इस्त्री, रस्त्यावरच्या गाड्या, आणि कापायच्या टेबलामागे सतत गुणगुणणारे मास्तर. तरी तिला ती ऐकू आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याचा प्रत्येक कपडा तिच्या हाताखालून गेला, पण ते घरी, तो बनियनवर इकडेतिकडे करत असताना. दुकानात तो कधी आला नव्हता. फार तर बाहेर पायरीपाशी पिशवी घेऊन उभा राहायचा. "उद्या धरणावर जायचंय ना," तो आरशातल्या तिला म्हणाला, "आणि ही घसरते. होडीत उभा राहिलो आणि खाली आली तर मासे हसतील." तिने मागे उभं राहून कमरेचं कापड मुठीत गोळा केलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिनेच ही पँट आत घेतली होती, आणि आता पुन्हा मूठभर कापड हातात आलं. तिला वाटलं, हे कापड नाहीच. तो जेवढा निघून गेला तेवढी जागा आपण धरून उभ्या आहोत. टाचणी जरा तिरपी गेली. टोक त्याला लागलं असणार. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, एवढं आत घेतलंत तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटतील. त्यापेक्षा नवी शिवा." "नवी कशाला?" तो म्हणाला. "सूज उतरली की पोट सुटणारच आहे माझं. मग काय, उसवायचं कामही हिलाच." मास्तर हसले. तीही हसली, ओठांत टाचण्या धरून जेवढं हसता येतं तेवढं.

सूज हा शब्द तिचाच होता. दवाखान्यात तो पडद्यामागे शर्टाची बटणं लावत होता तेवढ्यात डॉक्टरांनी तिला खिडकीशी बोलावलं होतं आणि खालच्या रस्त्याकडे बघत, कुणाला पत्ता सांगावा तशा सुरात, सांगून टाकलं होतं. पोटातलं ते आता काढण्यासारखं राहिलेलं नाही. त्रास कमी होईल एवढी औषधं देऊ. थंडी बघतील असं मला वाटत नाही. मग पडदा सरकला आणि तो बाहेर आला, एक बटण वरखाली लागलेला. तिने पुढे होऊन ते नीट केलं आणि तिच्या तोंडून तयार कपड्यासारखं बाहेर पडलं, "सूज आहे म्हणतात. औषधाने उतरेल." खोटं बोलायला काही वेळ लागतो, काही जुळवाजुळव करावी लागते, असा तिचा आयुष्यभराचा समज होता. तो त्या दिवशी गेला. लेकीला फोनवर सांगितलं तर ती आधी रडली आणि मग, परगावी बसून उंटावरून शेळ्या हाकायची तिला सवयच, म्हणाली, "आई, बाबांना एक अक्षर बोलायचं नाही. ते खचतील. तू वचन दे मला." तिने दिलं. तेव्हापासून तिने नवऱ्याला ताकास तूर लागू दिली नव्हती. आणि तेव्हापासून त्या दोन खोल्यांच्या घरात ती एकटी राहत होती. तो समोर बसून पेपर वाचायचा, पुढच्या वर्षी बाथरूमचा नळ बदलू म्हणायचा, आणि ती "हो, बदलू" म्हणायची, आणि तिला वाटायचं की आपण कुणा परक्या माणसाची समजूत काढतो आहोत. सांगितलं तर त्याचा उरलासुरला उजेड आपणच विझवणार. नाही सांगितलं तर तो नळाचा विचार करत करत जाणार, कुणाचा निरोप न घेता, आणि आपल्याला त्याच्यासमोर एकदाही रडता येणार नाही. रोज सकाळी चहाच्या वेळी शब्द दातांपर्यंत यायचे आणि मागे वळायचे. म्हणून धरणावर जायची गोष्ट त्याने काढली तेव्हा तिने मनाशी ठरवलं, तिथे. तिथे सांगायचं, नाहीतर मग कधीच नाही.

रात्री पँट मांडीवर घेऊन ती मागची शिवण उसवत बसली. खिसे खरोखरच एकमेकांना भेटायला आले होते.

धरण तसं तिच्यासाठी नवं नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात तो तिला पहिल्यांदा तिथे घेऊन गेला, आणि ती हौसमौज नव्हती. पहिलं बाळ जन्मलं आणि रडलंच नाही. लोक आले, बोलून गेले, आणि ती बोलायची थांबली. खिडकीशी बसून राहायची. सासूबाई त्याला म्हणायच्या, "अरे, तिला बोलती कर." तो शीतगृहातला मेकॅनिक, मोठमोठ्या गार खोल्यांतल्या नळ्या, गॅस, पंखे यांच्याशी बोलणारा. बायकोशी काय बोलावं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा त्याला येत होती ती एकच गोष्ट त्याने केली. होडी भाड्याने घेतली, तिला मागच्या फळीवर बसवलं, आणि भर उन्हात मधोमध नेऊन एक बाटली दोरीने पाण्यात सोडली. बाटलीला खाली शिसं बांधलेलं, बुचाला वेगळी दोरी. दोरी बरीचशी आत गेल्यावर त्याने बुचाची दोरी झटका देऊन ओढली, थोडं थांबला, मग बाटली भराभर वर घेतली. "हात पुढे कर," म्हणाला. तिने केला नाही, तर त्यानेच तिचं मनगट धरून वर ते पाणी ओतलं. इतकं गार की तिचा श्वास अडकला. वरून पाणी कोमट, हात घातला तर अंघोळीला काढल्यासारखं, आणि त्याच्याखाली हे. तो सांगत राहिला, गार खोल्यांबद्दल सांगायचा त्याच उत्साहाने: उन्हाळ्यात धरणात दोन पाणी असतात. वरचं तापतं आणि वरच राहतं. खालचं गार, जड, अंधारातलं. उन्हाळाभर ती दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. वरच्यात कार्प मासे आणि मिशांचे मिशाळ; ही गरम पाण्याची जात चिवट, चिखलात टाका नाहीतर बादलीत, तग धरते. खालच्यात ट्राउट, अंगभर ठिपके असलेली. तो त्या मासळीला ठिपकीच म्हणे. धरण बांधलं तेव्हा कुणीतरी आणून सोडलेली, आणि खालचं गार पाणी आहे म्हणूनच जगलेली.

त्या दिवशी त्याने एक ठिपकी धरली. दोरीला शिसं आणि गळाचा चकचकीत चमचा लावून, होडी हळूहळू वल्हवत, खूप खालून. वर यायला तिला बराच वेळ लागला. ती ओढायची, तो सोडायचा, पुन्हा ओढायचा. जाळीत आली तेव्हा ती नुसतं तोंड उघडत होती आणि मिटत होती. आवाज नाही. ते उघडणारं, मिटणारं, आवाज नसलेलं तोंड तिने पाहिलं आणि किती दिवसांनी तिच्या घशातून शब्द फुटला, "सोडा तिला." त्याने तिच्याकडे पाहिलं. नंतर कितीदा तिला ते पाहणं आठवायचं. आनंद म्हणावा तर तो पुरा आनंद नव्हता. मग तो वाकला, दोन्ही हातांनी ठिपकीला पाण्यात धरून ठेवलं, आणि हात मोकळे केले. "गेली बघ खाली. दिसली?" "दिसली," ती म्हणाली. परतीच्या वाटेवर तो सरळ धक्क्याकडे न जाता धरणात बुडालेल्या झाडांकडून आला. पाण्यातून वर आलेली, पानं नसलेली, उन्हाने पांढरी पडलेली झाडं. त्यांच्यामधून होडी जाताना ती म्हणाली, "छान आहेत." तो दिवसातला तिचा तिसरा की चौथा शब्द. मग पुढे वर्षानुवर्षं, उन्हाळ्यात जेव्हा जेव्हा ते धरणावर आले तेव्हा ठिपकी सोडली गेली आणि परतताना होडी झाडांकडून आली. तिला झाडं आवडतात म्हणून. नवऱ्याने केलेल्या, न बोलता केलेल्या गोष्टींचा हिशेब बायका मनात ठेवतात, त्यात ही गोष्ट तिने सगळ्यात वर ठेवली होती. मैत्रिणी नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायच्या तेव्हा तिला ती झाडं आठवायची आणि ती गप्प बसायची. मिशाळ मात्र घरी यायचे. एकदा एक इतका जिवंत आला की बाथरूमच्या टबात दोन दिवस मजेत फिरत राहिला, आणि लेक, तेव्हा शाळेत जाणारी, त्याच्या मिशा बघून म्हणाली, "बाबा, हा तुमच्यावर गेलाय." लेकीने अंघोळच टाकली. शेवटी त्याला परत धरणात नेऊन सोडावं लागलं.

सकाळी धक्क्यावर होडीवाल्याने त्याला पाहिलं आणि नजर चटकन दोराकडे वळवली. दोर सोडवायला त्याला उगीचच वेळ लागला. "साहेब, वाळलात," एवढंच म्हणाला. "उन्हाळा आहे, सगळंच वाळतं," नवरा म्हणाला आणि होडीत उतरला. उतरताना त्याने तिच्या खांद्याचा आधार घेतला, आणि त्या हाताला वजनच नव्हतं. नवीन शिवण नीट बसली होती. थोडं वल्हवल्यावर तो थांबला, वल्ह्यांवर हात टेकून बसला, छाती वरखाली होत राहिली. "आज तू वल्हव," म्हणाला. "मला कुठे येतं?" "शिलाई मशीन चालवतेस ना, तसंच. दोन्हीकडे सारखं." त्यांनी जागा बदलल्या. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या मधल्या फळीवर बसली आणि तिला कळलं की इथून दिसतं ते वेगळंच. इतकी वर्षं ती मागे बसून पुढे बघत आली होती. वल्हवणारा मात्र पाठीमागे सोडलेल्या पाण्याकडे तोंड करून असतो. होडी वाकडीतिकडी चालली. "दारू पिऊन शिवण घातल्यासारखी जातेय," तो म्हणाला आणि दोरी खाली सोडू लागला. ऊन चढलं. वल्ह्यांवरून पाणी ठिबकत होतं, कोमट. आता, ती मनात म्हणाली. हे पुढचं वल्हं मारलं की. मग ते वल्हं मारून व्हायचं. तिला खिडकीशी उभे राहिलेले डॉक्टर दिसायचे, लेकीचा आवाज यायचा, वचन दे मला, आणि समोर तो दोरी बोटावर घेऊन बसलेला, डोळे बारीक केलेले, इतका सुखात की त्याचा हेवा वाटावा. ह्याच्याकडून हे काढून घ्यायचं? मी कोण?

दोरीला झटका बसला. तो उठायला गेला आणि पुन्हा बसला. बसूनच ओढत राहिला. मध्ये एकदा दोरी तिच्या हातात दिली, तिने ओढली, हाताला खालचं ते जिवंत वजन लागलं, खोलातून नाही नाही म्हणणारं. मग त्याने परत घेतली. जाळीत आली तेव्हा दोघंही दमले होते. मोठी होती. ठिपके उन्हात ओले चमकत होते, आणि तोंड तसंच, उघडत आणि मिटत. "सोडा तिला," ती सवयीने म्हणाली. तो जाळी मांडीवर घेऊन बसून राहिला.

"आज नको," तो म्हणाला.

"का? घरी खाणार कोण? तुम्हाला तर—"

"ती जगत नाही गं." तो ठिपकीकडे बघत बोलत होता. "उन्हाळ्यात नाही जगत. खालून ओढून आणलेली, दमलेली. वरचं पाणी तिला सोसत नाही, आणि खाली जायला दम उरलेला नसतो. थोडी जाते, मग पोट वर करून उलटते. परवापरवापर्यंत मी सोडत होतो. पण दम लागतो म्हणजे काय होतं ते आता मला कळतं. आज माझ्याच्याने नाही व्हायचं."

तिने वल्ही आत घेतली. "म्हणजे इतकी वर्षं?"

"काही जगल्या असतील. एखाददुसरी."

"आणि बाकीच्या?"

"वर यायच्या थोड्या वेळाने. पांढरं पोट दिसायचं लांबून." त्याने मान हलवली. "तुला दिसू नये म्हणून मी झाडांकडून वळसा घ्यायचो."

काहीतरी तिच्या आत, शिवण एका टोकाला सुटावी आणि ओढत ओढत दुसऱ्या टोकापर्यंत जावी तसं, उसवत गेलं. पांढरी झाडं. मनातल्या हिशेबात सगळ्यात वर ठेवलेली झाडं. "मला आवडतात म्हणून नाही?" तिने विचारलं, आणि तिला स्वतःचाच आवाज पोरीसारखा वाटला. "तुला आवडली, हे बरंच झालं," तो म्हणाला. "पण पहिल्यांदा मी वळलो ते घाबरून. अगं, किती दिवसांनी तू बोलली होतीस. 'सोडा तिला' म्हणालीस. मी काय सांगणार होतो तुला तेव्हा? की सोडली तरी मरणार आहे? तू परत खिडकीत जाऊन बसली असतीस. मग एकदा सांगितलं नाही, ते पुढे सांगायचं कसं?" तिला राग आला. भयंकर राग, आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. खोटं बोलला म्हणून नव्हे. त्या खोट्यावर तर ती उठून उभी राहिली होती, घरी जाऊन भात टाकला होता, पुढे लेक झाली होती. राग याचा, की तेव्हा ती मागच्या फळीवर बसून झाडं बघत होती आणि हा इथे, या फळीवर, तिच्या खांद्यावरून मागचं पाणी बघत होता. एकटा. मागे तरंगणारं पांढरं एकट्याने बघत, दरवर्षी, तोंडाने काहीबाही गमती सांगत. मी असताना एकटा. आणि मग तिला कळलं की ह्या फळीवर आता आपण बसलो आहोत.

"मला कधी दिसलीच नाही," ती म्हणाली.

"काय?"

"खाली जाताना. उन्हाने डोळे दिपायचे. तुम्ही विचारायचात म्हणून मी आपलं दिसली म्हणायचे."

तो हसायला लागला. हसता हसता खोकला, पोट धरलं, तरी हसत राहिला. "म्हणजे ना तुला गेलेली दिसली, ना मी मेलेली दाखवली." मग त्याने बाजूचा लाकडी दांडका घेतला आणि ठिपकीच्या डोक्यावर एकच, नेमका घाव घातला. दरवेळी मिशाळाच्या वेळी ती मान फिरवायची. आज तिने फिरवली नाही. तोंड उघडलेलं तसंच राहिलं. तो पाण्यात हात धुऊ लागला, आणि त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत ती म्हणाली, "सूज नाहीये ती."

त्याचे हात पाण्यातच राहिले.

"डॉक्टर तसं म्हणालेच नव्हते. मी म्हणाले." मग तिने सगळं सांगितलं. खिडकी, पडदा, वरखाली लागलेलं बटण. काढण्यासारखं राहिलेलं नाही, हेही. पाण्यातले हात त्याने बाहेर काढले आणि मांडीवर ठेवले. नव्या शिवणीची पँट भिजली. मग म्हणाला, "पोरीला माहितीये?"

"हो."

"तरीच रोज फोन करते. मला वाटलं हिची नोकरीबिकरी गेली." त्याने मान हलवली. "म्हणजे घरात मीच तेवढा पाहुणा होतो."

हे मात्र तिला सोसवलं नाही. ती रडली, इतके दिवस साचलेलं, तोंड उघडं टाकून, कुणी ऐकेल याची पर्वा न करता. मैलभर पाण्यावर ऐकणारं कुणी नव्हतंच. तो तिच्याजवळ सरकला नाही. होडी कलली असती. त्याने पिशवीतून ती जुनी बाटली काढली, बुचाची दोरी तपासली आणि शिसं पाण्यात सोडलं. दोरी त्याच्या बोटांतून जात राहिली, जात राहिली. झटका. मग तो ओढू लागला, मध्येच थांबत, श्वास घेत. ती मदतीला वाकली तर त्याने मानेनेच नको म्हटलं. वर आल्यावर तिचं मनगट धरलं आणि ओतलं. तसंच गार. हाडापर्यंत.

"थंडीपर्यंत टिकेन म्हणाले का?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

त्याने बाटली पायाशी ठेवली. "थंडी पडली ना, की वरचं पाणी गार होतं आणि खाली बसतं. सगळं धरण ढवळून निघतं. दोन पाणी राहतच नाहीत. तेव्हा ठिपकी अगदी धक्क्यापाशी येते, आणि तेव्हा सोडली की जगते. खरंच जाते खाली. आपण कधी थंडीत आलोच नाही. तुझे गुडघे थंडीत दुखतात म्हणून."

"मग येऊ की," ती म्हणाली. पूर्वी ज्या आवाजात ती 'दिसली' म्हणायची, त्याच आवाजात. त्याने तो ओळखला. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि तेव्हा तिला त्या पहिल्या दिवशीचं त्याचं ते पाहणं, जे इतकी वर्षं नीट कळलं नव्हतं, कळलं.

ऊन डोक्यावर आलं होतं. तिने वल्ही पाण्यात घातली. आता हात थोडे बसले होते. होडी फार भरकटत नव्हती. मागच्या फळीवर, तिच्या जागेवर, तो बसला होता, पायाशी ओल्या फडक्यात गुंडाळलेली ठिपकी. त्याच्या पलीकडे मागचं पाणी सगळं मोकळं होतं, कुठे काही पांढरं नव्हतं. त्याने डोळे मिटले होते, पण होडी वळतेय हे त्याला लगेच कळलं.

"अगं, सरळ घे. आता कशाला वळसा?"

ती एकाच बाजूचं वल्हं मारत राहिली.

"झाडांकडून लांब पडतं," तो म्हणाला.

"पडू दे," ती म्हणाली.